माझी जखम ‘भरली’ तेव्हा

“बाई, हे मूल नाही. हा गोळा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावरचा हात न काढता हे सांगितलं. मी टेबलावर आडवी, लुगडं सोडलेलं, आणि डोक्याशी माझी मोठी नणंद अक्का उभी. अक्कानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. भीतीनं पोटात गोळा येतो असं म्हणतात ना? माझ्या पोटात खराच होता, तोही नारळाएवढा, आणि मी चार-पाच महिने त्याच्यासाठी आंबट खात होते!

पहिली मुलगी होती, गंगू. तिच्या पाठीवर चार वर्षांनी पोट दिसायला लागलं म्हणून घरात आनंद. पाळी मधूनच यायची, मधूनच नाही. सासूबाई म्हणाल्या, असं असतं कुणाकुणाचं. मग एका बाजूला कळा सुरू झाल्या, ताठ उभं राहता येईना, तेव्हा आमचे हे घाबरले. आमचं गाव धुळ्याकडचं. धुळ्याला दाखवावं असं ह्यांच्या मनात होतं, पण पुरुष डॉक्टरचा हात सुनेला लागायला नको यावर सासूबाई अडून बसल्या. अक्का जळगावला मेहरूणमध्ये राहायची, तिच्या ओळखीनं तिथल्या बायकांच्या दवाखान्यात गेलो. चाळीसगावला गाडी बदलून, पोट धरून, प्रत्येक धक्क्याला देवाचं नाव घेत.

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. बोलणं स्वच्छ, भरभर, शाळेतल्या पुस्तकासारखं. त्यांनी सांगितलं त्याला म्हणतात ओव्हेरियन सिस्ट. ओव्हरी म्हणजे बाईच्या पोटातलं अंडाशय, दोन्ही बाजूंना एकेक असतं. त्यातल्या एकावर पाण्यानं भरलेली पिशवी वाढते, ती सिस्ट. ती पिळली गेली की कळा येतात, आणि आत फुटली तर जिवावर बेततं. एक अंडाशय काढावं लागेल, दुसरं राहील. “मूलही होऊ शकतं पुढे,” त्या म्हणाल्या. मूल कुठलं घेऊन बसलात बाई, मी वाचते का ते सांगा, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. बोलले मात्र काहीच नाही. तेव्हा डॉक्टरपुढे मान हलवायची एवढंच ठाऊक.

ऑपरेशनचं मी काय सांगणार? नाकावर जाळी ठेवली, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आला, आणि जाग आली तेव्हा घसा कोरडा आणि पोटात निखारे. बेंबीच्या खाली उभी चीर, वर पट्टा गच्च बांधलेला. खोकला आला की जीव जायचा. तेवढं सगळ्यांनाच होतं, त्याची भीती बाळगू नका. खोकताना उशी पोटाशी दाबून धरा, मला सिस्टरनं शिकवलं तसं.

माझी खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ज्या बायांचं असं पोटाचं ऑपरेशन होणार असेल त्यांनी हे नीट ऐका.

शेजारच्या खाटेवर यावलकडची एक बाई होती. बाळंतपणानंतर ताप चढलेली. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली, केळीच्या बागेत काम करते म्हणाली. नंतर तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आता घरी न्या.” तो माणूस भिंतीला टेकला. बैलगाडी आली, तिला गोधडीवर घेऊन गेले. दोन दिवसांनी झाडणारी म्हणाली की ती वाटेतच गेली. ‘घरी न्या’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मला दिवसा बरं वाटायचं. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, पण तापाचा पारा लावायचे सकाळी, आणि सकाळी माझं अंग थंडगार. चिरेच्या खालच्या टोकाला आत काहीतरी तट्ट झाल्यासारखं वाटत होतं. गळू पिकायच्या आधी असतं तसं, ठणका देणारं. वरून काही दिसत नव्हतं. कातडी गुलाबी, टाके ओळीत. सिस्टर रोज वरवर बघून म्हणायची, “सुंदर!” सुंदर कसली, आत माझा जीव ठणकत होता. पण वाटायचं, एवढं पोट फाडलंय तर दुखणारच. आणि त्या जागेबद्दल तोंड उघडून बोलायची लाज. कुठे दुखतं म्हणून विचारलं असतं तर बोट कुठे ठेवायचं?

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. पाठीमागे सिस्टर, हातात तक्ता. बाईंनी चिरेवरून बोट फिरवलं आणि हसत विचारलं, “काय मग, भरली ना जखम?”

मला इतकं हायसं वाटलं! शेवटी कुणी तरी विचारलं. मी म्हणाले, “हो बाई, भरनी. बठ्ठी भरनी.”

“शाब्बास! मग आता घरी जायचं.”

आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

आता तुम्ही शहरातल्या असाल तर तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही. पण आमच्या घरात गळू भरतं, जखम भरते म्हणजे तिच्यात पू भरतो. बरी झालेल्या जखमेला आम्ही म्हणतो, सुकनी. माझ्या बापाच्या पायाला काटा लागला होता, तो आठवडाभर ‘भरना भरना’ म्हणून ओरडत होता आणि शेवटी न्हाव्याकडून चिरून घ्यावा लागला. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पुस्तकातलं मराठी वाचता येत होतं. पण भीतीच्या वेळी माणसाला पुस्तक आठवत नाही, आईची भाषा आठवते.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की सगळी जखम पुवानं भरलीय. त्यांनी ऐकलं की जखम भरून आलीय, बरी झालीय. मी पू सांगते आणि त्या हसून शाब्बास म्हणतात. आणि वर म्हणतात, घरी जायचं.

माझं धाबं दणाणलं. यावलवाली डोळ्यांपुढे उभी राहिली. मला वाटलं, संपलं. हिला सगळं कळलंय, आता उपाय उरला नाही, म्हणून गोड बोलून घरी पाठवतेय. नवऱ्याला सांगावं तर हे गावी गेलेले, म्हणून मलाच सांगितलं. मी काही विचारलं नाही. काय विचारणार? मी कधी मरणार, हे?

टांग्यातून मेहरूणला आले. अक्का सारखी विचारायची, “आते कसं वाटस तुले?” मी म्हणायची, बरं शे. तिच्या घरामागून तलावावरचा गार वारा यायचा, दिवस थंडीचे. अंगणात बोरं वाळत घातली होती. मी गोधडीत पडून गंगूचा विचार करायची. चार वर्षांची पोर. तिची वेणी कोण घालेल? सासूबाई घालतील, पण त्यांचा हात जड, केस ओढतात. मेल्यावरसुद्धा पोरीच्या डोक्यात गुंता राहील याची मला काळजी! हसू येतं आता. तेव्हा उशी भिजायची.

अक्काला सांगितलं नाही, कारण ती ह्यांना बोलावून घेईल, घरात रडारड होईल, आणि व्हायचं ते होणारच. असं मला वाटत होतं. मुकाट्यानं मरायचं ठरवलं होतं मी. केवढी ही अक्कल!

ताप आता दुपारपासूनच चढायला लागला. थंडी वाजून यायची, दात कडकडायचे. चिरेचा खालचा भाग लाल, चकचकीत, हात लावू देईना. लघवीला बसायला अक्काचा खांदा लागायचा. अक्का कपाळाला हात लावून ओरडली, “काय व्हयनं व माय, इतला ताप!” तिनं काढा केला, मी ओकले. त्या ओकारीनं पोटावर ताण आला, आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. कोमट काहीतरी मांड्यांवरून वाहिलं. आधी वाटलं, लघवी झाली. मग वास आला.

बायांनो, तो वास मी सांगत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना ठाऊक आहे.

अक्कानं लुगडं बाजूला करून पाहिलं. मग मात्र ती जी उठली! टांगेवाल्याला शेजारच्या घरातून ओढून आणलं, मला चादरीत गुंडाळलं आणि वाटेत सबंध मला रागं भरत राहिली. मी तिला म्हणाले, “अक्का, कसाले नेस? त्यास्नी माले घर धाडी दिधेल शे.” मरायला घरी धाडलेलं माणूस परत कशाला न्यायचं, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “गप ऱ्हाय! मी देखस त्यास्ले.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे होत्या. बाकावर बसता येईना म्हणून मी फरशीवरच आडवी. येणारी-जाणारी माणसं पाय चुकवून जात होती. अक्का दारात उभी राहून आत ओरडली, “हिना पोटमातीन पू ई ऱ्हायना, बाई!” ते ऐकून बाई हातातलं टाकून बाहेर आल्या. चादर बाजूला केली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला ते बघून नवल वाटलं. यांना माहीत होतं ना?

टेबलावर घेऊन त्यांनी चिरेचं खालचं टोक उघडलं. गुंगी नाही, वेळच नव्हता. मी अक्काच्या पदराचा बोळा तोंडात धरला. पू निघाला तो वाडगाभर. मग त्यांनी बोट घालून तळ तपासला आणि मला म्हणाल्या, “खोका.” मी खोकले. “आणखी एकदा.” त्या हळूच म्हणाल्या, “देवाची कृपा. आतला थर धरून आहे.”

नंतर त्यांनी मला समजावलं. पोट शिवताना थर असतात. आतला मजबूत थर उसवला तर आतडीच बाहेर येऊ शकतात, खोकायला सांगतात ते यासाठी. माझा फक्त वरचा थर सडला होता. पण विष रक्तात शिरायला लागलं होतं. त्याला सेप्सिस म्हणतात. आणखी एक दिवस घरी राहिले असते तर काही सांगता आलं नसतं.

“एवढं दुखत होतं तर मला सांगितलं का नाहीत?” बाईंचा आवाज चढला होता. रागानं की भीतीनं, कोण जाणे.

मीही चिडले. मरायला टेकलेलं माणूस कशाला घाबरतं? “सांगितलं ना! तुम्ही विचारलं, मी म्हटलं भरनी. तुम्ही शाब्बास म्हणाल्या. आणि यावलवालीसारखं घरी धाडलं!”

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं. त्यांना कळेना. ही सिस्टर राउंडवाली नव्हती, दुसरी, नंदुरबारकडची होती, तिला आधी समजलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि बाईंना हळूच सांगितलं, “बाई, यांच्याकडे भरली म्हणजे पू धरला.”

बाई स्टुलावर बसल्या. हातमोजे तसेच, पुवानं माखलेले. मग म्हणाल्या, “आणि तुम्हाला वाटलं मी तुम्हाला मरायला पाठवतेय?” मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अक्कानं आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले.

पुढचे दिवस भयंकर गेले. लढाईचा काळ, गॉझसुद्धा मोजून वापरायचे. गॉझ म्हणजे विरविरीत कापड. त्याच्या लांब पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवून जखमेत कोंबायच्या, दुसऱ्या दिवशी ओढून काढायच्या. याला ड्रेसिंग म्हणतात, आणि नावावरून वाटतं तेवढं ते साजरं नसतं. पट्टी निघताना मी सिस्टरच्या सात पिढ्या काढायची. ती म्हणायची, काढा काढा, माझ्या सासरच्याही काढा. पू मारायला सल्फाच्या गोळ्या द्यायचे, त्यानं मळमळ सुटायची, तोंडाला चव नाही. पाणी भरपूर प्यायला लावायचे.

बाई रोज म्हणायच्या, “जखम तळापासून भरली पाहिजे.” आणि लगेच जीभ चावायच्या. मग स्वतःच सांगायच्या, म्हणजे खालून नवं मांस वर आलं पाहिजे. विहीर बुजवताना आपण तोंडावर फळी टाकून मोकळं होतो का? तळापासून माती टाकत येतो. तसं. वरून आधी मिटली तर आत पुन्हा पू कोंडतो. त्यांनी मला आणखी एक शिकवलं. जखम कशी आहे विचारलं तर ‘बरी’ म्हणायचं नाही, ‘भरली’ नाही, ‘सुकली’ही नाही. काय दिसतं ते सांगायचं. लाल की पांढरं, ओलं की कोरडं, वास आहे की नाही, ठणका कुठे. आणि बोट ठेवून दाखवायचं.

त्यासाठी आधी बघायला हवं ना? मला माझी जखम बघवत नव्हती. स्वतःच्या पोटात भोक, त्यात मूठ जाईल एवढं. एके दिवशी सिस्टरनं आरसा धरला आणि म्हणाली, बघितल्याशिवाय पट्टी बांधत नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं. तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल काहीतरी होतं. हे चांगलं मांस, ती म्हणाली. मला रडू कोसळलं. घाणेरडं वाटलं होतं, आणि ते चक्क मीच होते, नव्यानं वाढत असलेली.

ताप उतरला तशी मला पुन्हा मेहरूणला सोडलं, पण या वेळी बाईंनी अक्काला पट्टी बदलायला शिकवून. हात उकळलेल्या पाण्यानं धुवायचे, फडकं उकळायचं, तुपाचा, हळदीचा हात लावायचा नाही. अक्का शिस्तीची बाई, पूजेसारखं करायची. एका सकाळी तिनं पट्टी काढली आणि आनंदानं ओरडली, “सुकनी व माय! देख, बठ्ठी सुकनी!” वरची कातडी दोन्ही बाजूंनी येऊन मिटली होती. तिनं देवापुढे साखर ठेवली.

मी आरसा मागितला. कातडी मिटली होती खरी, पण दाबलं की आत मऊ, पोकळ लागत होतं. पुन्हा तेच? पुन्हा तो वास? अक्का म्हणाली, तुला उगाच शंका, चांगलं झालंय तर होऊ दे. क्षणभर वाटलं, खरंच राहू दे. पुन्हा ते टेबल नको, पदराचा बोळा नको. पण मी म्हटलं, टांगा बोलाव.

बाईंपुढे मी बोट ठेवलं. “इथे वरून मिटलंय. आत पोकळ आहे. पू दिसत नाही, वास नाही, ताप नाही. पण दाबल्यावर हलतं.” बाईंनी सळई घातली, चमचाभर पाणी निघालं. पू धरायच्या आत. त्यांनी कातडी पुन्हा मोकळी केली, पट्टी कोंबली, आणि माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, “तुम्ही स्वतः आलात.” त्यानंतर जखम तळापासून वर आली ती आलीच. हळूहळू, कंटाळा येईल इतकी हळू. पण आली.

हे घ्यायला आले, मी गावी परतले. गंगू पळत येऊन पायांना बिलगली. उचलायला बंदी होती, म्हणून मीच खाली बसले. केसांत गुंता होताच!

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया जमल्या. कुजबुजत विचारत होत्या, कुठे कापलं, किती कापलं, आता बाईपण राहिलं का. एकीनं तर आतडी काढून धुऊन परत ठेवली असंही ऐकलं होतं. मी ऐकत ऐकत तापले. दार ओढून घेतलं, निऱ्या सैल केल्या आणि व्रण उघडा करून दाखवला. म्हटलं, बघा. हे इथून चिरलं, इथे सडलं, इथून पू आला, आणि मी लाजून गप्प बसले म्हणून मरणार होते. हात लावा हवं तर. दोघी-तिघींनी खरंच लावला. सासूबाई कोपऱ्यात सुपात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, आता रात्री ह्यांच्याकडे तक्रार जाणार.

बाया गेल्या. सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, दाराला कडी घातली. माझ्या समोर येऊन बसल्या. चेहरा असा की मी घाबरले.

“माले बी तुले काही दखाडनं शे,” त्या म्हणाल्या.

त्यांचं अंग बाहेर येत होतं. गर्भाशय खाली उतरून बाहेर डोकावत होतं, माझ्या धाकट्या दिराच्या जन्मापासून. दीर तेव्हा मिसरूड फुटलेला. इतकी वर्षं त्या फडकं कसून बांधत होत्या, तसंच दळत होत्या, पाणी ओढत होत्या. घासून तिथे जखम झाली होती. नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही, कुणालाच नाही. पुरुष डॉक्टरचा हात मला लागू नये म्हणून भांडणारी ही बाई स्वतः बाईलासुद्धा दाखवत नव्हती.

मी विचारलं, आत्याबाई, दुखतं का? त्यांनी सवयीनं मान हलवली, नाही म्हणून. मग थांबल्या. माझा हात धरला, माझं बोट स्वतःच्या ओटीपोटावर नेऊन ठेवलं, आणि म्हणाल्या, “आठे.”

मग खाली बघत विचारलं, “तुनी डॉक्टरीन माले देखी का?”

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी चाळीसगावला गाडी बदलत होतो. या वेळी पोट धरून त्या बसल्या होत्या, आणि धक्का बसला की त्यांच्या पोटाशी उशी मी दाबत होते.